मोडीतले मोल

जुनी वस्तू घरातून बाहेर पडल्यावर कोठे जाते, या प्रश्नाचा विचार घरातील कर्ती माणसे क्वचितच करतात. दिवाळीच्या आधी माळा रिकामा करावयाचा, गंजलेला कंदील, बंद पडलेले घड्याळ, तोटी निखळलेला बंब खाली काढावयाचा, दारावर येणाऱ्या भंगारवाल्याच्या काट्यावर तो चढवावयाचा आणि हाती येईल त्या रकमेत मुलांना फटाके आणावयाचे. येथे त्या वस्तूची हकीकत संपली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु खरे पाहता तेथूनच तिच्या दुसऱ्या जन्मास आरंभ होतो. या दुसऱ्या जन्मात रमलेली काही माणसे आपल्या आसपास आहेत. अडगळीतून जुनी वस्तू हुडकून काढावी, ती निगुतीने दुरुस्त करावी आणि तिची कदर करणाऱ्या घरी चार पैसे घेऊन ती पोचवावी, असा त्यांचा छंद आहे. त्या छंदाविषयी, आणि त्या छंदात दडलेल्या एका नाजूक नीतिप्रश्नाविषयी, आज विचार करावयाचा आहे.

अमेरिकेत या छंदाला मोठे सोयीचे रूप मिळाले आहे. तेथे पुष्कळ घरांना लागून मोटार ठेवण्याची खोली असते. सुटीच्या दिवशी सकाळी कुटुंबातील मंडळी नकोशा झालेल्या वस्तू त्या खोलीत किंवा तिच्यापुढील अंगणात मांडतात, प्रत्येकीवर किमतीची चिठ्ठी डकवितात, आणि शौकीन लोक उजाडताच दारोदार फिरून त्या धुंडाळतात. विकणारा मालक समोर उभा असतो. वस्तू कोणाची, कोठून आली, कशी वापरली, हे त्याला विचारता येते.

आपल्याकडे, विशेषतः कळव्यासारख्या दाटीच्या वस्तीत, मोटार उभी करावयास रस्त्याच्या कडेला जागा मिळाली तरी माणूस स्वतःला भाग्यवान समजतो. तेथे मोटारीसाठी स्वतंत्र खोली कोठून असणार? तरीही जुन्या वस्तूंची विक्री आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचे मार्ग मात्र निराळे आहेत, आणि त्या मार्गांवर वस्तूची ओळख पुसली जाते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पहिला मार्ग बोहारणीचा. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडे देणारी ही बाई मराठी गृहिणीच्या चांगल्या परिचयाची आहे. एका पातेल्यासाठी किती पातळे द्यावयाची, यावर दारात तासभर घासाघीस चाले, आणि त्या घासाघिशीत दोन्ही पक्षांना सारखाच आनंद असे. मात्र तिच्या गाठोड्यात आजीचा जरीकाठी शालू गेला, तर त्याचा हिशेब वेगळा होई. जुन्या अस्सल जरीत रुपे असते. अशी जरी जाळून त्यातील रुपे काढून घेणारे कारागीर असतात. म्हणजे शालूचे वस्त्रपण राखेत जाते आणि हाती उरते ती रुप्याची गुंजभर गोळी.

दुसरा मार्ग मोडीचा. तांब्यापितळेची भांडी भांड्यांच्या दुकानी नेली म्हणजे दुकानदार ती तोलतो आणि मोडीचा भाव देतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली. त्यांना कल्हई नको, चिंच नको, घासताना हात दुखावयास नकोत. तेव्हा हंडे, कळशा, घंगाळी, पराती, तपेली यांनी फळ्यांवरून माळ्यावर आणि माळ्यावरून मोडीत असा प्रवास केला. मोडीच्या काट्याला घडणावळ कळत नाही. ठोक्याठोक्याने घडविलेली परात आणि तारेचे भेंडोळे यांना तो एकाच तागडीत बसवितो.

तिसरा मार्ग भंगारवाल्याच्या हातगाडीवरून जुन्या बाजारात जाणारा. मुंबईत भेंडीबाजाराजवळ मटन स्ट्रीटच्या परिसरात चोरबाजार आहे. शुक्रवारी तेथील नेहमीची पुष्कळशी दुकाने बंद असतात, आणि त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावरच निराळा बाजार मांडला जातो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे. या बाजारांत बिजागऱ्या, पाने, रेडिओचे सांगाडे, चष्म्याच्या चौकटी, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या यांच्या ढिगाऱ्यातून एखादी नामी चीज हाती लागते. परंतु ती कोणाच्या घरची, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. तीन हातांतून गेलेली वस्तू आपले गाव विसरलेली असते.

आता कळव्याकडे वळू. १८५३ सालच्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली, आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, लोहमार्ग खाडी ओलांडून कळव्यावरून कल्याणास पोचला. त्या काळी मिठागरे, भातखाचरे आणि पारसिकची टेकडी एवढाच या बाजूचा पसारा होता. स्वातंत्र्यानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अंगाने कारखाने उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून माणसे कामास आली, आणि त्यांच्यासाठी चाळी उठल्या. गावाकडून निघताना प्रत्येकाने एखादी ट्रंक आणि दोनचार जड भांडी बरोबर आणली होती. आता त्या चाळी एकामागून एक उतरविल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी उंच इमारती येत आहेत. चाळ उतरावयाची म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाने दोनतीन वर्षांसाठी भाड्याच्या खोलीत जावयाचे. पन्नास वर्षांचा संसार टेंपोच्या एका खेपेत बसवावयाचा. अशा वेळी चाळीच्या गॅलरीत जे मांडले जाते, तोच आपल्याकडील मोटारखोलीचा बाजार होय. फरक इतकाच की येथे विकणारा हौसेने विकत नसतो.

या गॅलऱ्यांतून गेली कित्येक वर्षे रविवारी सकाळी एक गृहस्थ फिरताना दिसतात. ते याच पट्ट्यातील एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होते. निवृत्त होऊन पारसिकनगरात राहावयास आल्यावर त्यांनी हा छंद धरला. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत एक लोहचुंबक, एक भिंग, मऊ फडके, फीत आणि दोनशे पानी वही, एवढीच त्यांची सामग्री. लोहचुंबक लावला की पितळेचा मुलामा दिलेले लोखंड तत्काळ उघडे पडते. काशाची वाटी नखाने वाजविली की तिचा नाद लांबत जातो. भरताच्या धातूचा नाद तेथल्या तेथे मरतो. या दोन परीक्षा कोणासही घरबसल्या करता येतील.

घड्याळाची परीक्षा अधिक खोल असते. आपल्या वाड्यांतून आणि दुकानांतून टांगलेली लंबकाची घड्याळे बहुधा परदेशची: अमेरिकेतील अ‍ॅन्सोनिया आणि सेथ थॉमस, जर्मनीतील युंगहान्स, जपानमधील सेइकोशा. बाजारात पुष्कळदा पेटी एकाची, तबकडी दुसऱ्याची आणि यंत्र तिसऱ्याचे, असा संसार जुळवून दिलेला असतो. तबकडी काढून मागच्या फळीवर पाहावे. सध्याच्या स्क्रूखेरीज आणखी भोके दिसली, तर तेथे पूर्वी दुसरे यंत्र बसले होते हे उघड होय.

ग्रामोफोनच्या तबकड्यांचे शास्त्र याहून मनोरंजक आहे. हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळीच, १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास गौहरजान यांची गाणी मुद्रित झाली. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकड्या लाखेच्या असत, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तबकडी लाखेची, म्हणून ती स्पिरिटने पुसू नये. स्पिरिटात लाख विरघळते आणि गाणे कायमचे नासते. कोमट पाण्यात किंचित साबण घेऊन, मधला कागद न भिजविता, मऊ फडक्याने पुसणे हाच उपाय. तबकडी उभी ठेवावी, एकीवर एक रचू नये. आणि पोलादी सुई दर बाजूस नवी लावावी, हा नियम आजोबांच्या काळी होता तो आजही खरा आहे.

चकाकणाऱ्या पितळी कर्ण्याचे ‘शंभर वर्षांचे’ ग्रामोफोन आज शहरोशहरी विकावयास मांडलेले असतात. त्यांतील पुष्कळसे अगदी अलीकडे जुळविलेले असतात. कर्णा नवा, पेटी नवी, पेटीवरचे कुत्र्याचे चित्रही नवे, आणि आतील यंत्र एखाद्या मोडक्या पेटीतून काढलेले. पाण्यासारखा लख्ख कर्णा हाच तेथे संशयाचा पहिला पुरावा समजावा.

राजा रविवर्म्यांच्या चित्रांचेही तसेच. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना निघाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. लक्ष्मी-सरस्वतींची त्यांची चित्रे घरोघर पोचली ती दगडांवरून, एकावर एक रंग चढवून छापली जात. भिंगातून पाहिले असता जुन्या छपाईत रंगाचे ठिपके अनियमित, हाताने टाकल्यासारखे दिसतात. अलीकडच्या यांत्रिक छपाईत ते ठिपके रांगोळीच्या कागदावरील टिंबांप्रमाणे एकसारख्या आखणीत बसलेले दिसतात. चहाच्या पाण्यात बुडवून कागद पिवळा करता येतो. ठिपके बदलता येत नाहीत.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना देणे इष्ट आहे. रामदरबार, हनुमान किंवा कमळ यांचे छाप असलेली आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व सन १८१८ अशी अक्षरे मिरविणारी तांब्याची नाणी पुष्कळ घरांत देव्हाऱ्यात ठेवलेली आढळतात. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. ती नंतरची कारागिरी आहे. भक्तिभावाने ती पूजावीत, परंतु लाखो रुपयांच्या आशेने विकत घेऊ नयेत. दुसरी सूचना तांदूळ ओढून घेणाऱ्या तांब्याच्या भांड्याविषयी. वीज पडलेल्या तांब्यात अशी शक्ती येते आणि परदेशी शास्त्रज्ञ त्यास कोट्यवधी देतात, अशा भुलथापांना बळी पडून शिकलेसवरलेले लोकही नागवले गेल्याच्या तक्रारी पोलिसांकडे गेल्या आहेत. तांब्याला तांदूळ ओढता येत नाही. लोभाला मात्र माणूस ओढता येतो.

कायद्याचीही माहिती असावी. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती यांविषयीचा कायदा १९७२ साली झाला. मूर्ती, चित्रे, नाणी यांसारखी शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने असे शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन वा सौंदर्यदृष्ट्या मोलाचे हस्तलिखित, त्याच्या कक्षेत येते. अशा वस्तूंचा व्यापार करावयाचा तर परवाना लागतो, काही प्रकारांची नोंदणी करावी लागते, आणि खाजगी माणसास त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. हस्तिदंत आणि वाघनखे यांच्या व्यापारास वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने मनाई आहे. जुन्या घराचा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर ते कलेक्टरला कळवावयाचे, असे १८७८ चा कायदा सांगतो. छंदिष्ट माणसाने शंभर वर्षांच्या अलीकडच्या, घरगुती वापरातील वस्तूंपुरते स्वतःला मर्यादित ठेवले, तर त्याचा मार्ग निर्वेध राहतो. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील, चिनी मातीच्या बरण्या, पत्र्याच्या जाहिराती, एच.एम.टी.ची मनगटी घड्याळे, किसण्या, अडकित्ते, पानाचे डबे यांत आयुष्य जाईल एवढे वैभव आहे.

अशा घरगुती वस्तूंना कोणी मोठे मानले आहे काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल, तर त्याने पुण्यास जाऊन राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर गंगाधर केळकर १८९६ साली जन्मले आणि १९९० साली निवर्तले. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता करीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. राजेमहाराजांच्या तलवारींबरोबरच त्यांची नजर दिव्यांवर, अडकित्त्यांवर, कुंकवाच्या करंड्यांवर आणि पाय घासावयाच्या वज्रींवर खिळली. म्हणजे ज्या वस्तू इतरांच्या लेखी मोडीच्या लायकीच्या, त्यांवर. १९६० पर्यंत त्यांच्याजवळ सुमारे १५,००० वस्तू जमल्या. १९६२ साली त्यांनी हा संग्रह शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपविला, आणि बालपणीच निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहालयास दिले. आज तेथील वस्तूंची संख्या २०,००० च्या वर आहे, आणि सुमारे २,५०० मांडून ठेवलेल्या आहेत. एका वज्रीवर मोर का, आणि दुसरीवर हत्ती का, असे विचारणारा कोणी तरी त्या काळी असला, म्हणून ती आज काचेच्या पेटीत दिसते. विचारणारा नसता तर तिचे पितळ एखाद्या नळाच्या तोटीत वितळून गेले असते.

तथापि केळकरांसारखा संग्राहक वस्तू जवळ ठेवतो. कळव्याच्या गृहस्थांसारखा छंदिष्ट ती विकतो. आणि विक्री आली की नफा आला, नफा आला की नीतीचा प्रश्न आला. तो प्रश्न असा: विकणाऱ्याला वस्तूचे मोल ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला ते पुरते ठाऊक आहे, तर घेणाऱ्याने काय करावे?

एक पक्ष म्हणतो, बाजाराचा धर्म स्पष्ट आहे. ज्ञान फुकट येत नाही. वर्षानुवर्षे फसगती सोसून, धूळ खाऊन, पहाटेच्या गाड्या पकडून ते मिळविलेले असते. दहा वस्तूंपैकी चार अंगावर पडतात, तीन जेमतेम मुद्दल देतात. उरलेल्या तिहींचा नफा घेतला, तर बिघडले कोठे? दुसरा पक्ष म्हणतो, अडचणीत सापडलेल्या माणसाच्या अज्ञानावर केलेली कमाई ही चोरीच होय. चोरबाजाराला आणखी कोणते नाव द्यावयाचे? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. म्हणून केवळ तर्काने हा प्रश्न सुटत नाही. तो कसा सुटला, याचे एक उदाहरण पाहावे.

कळव्यात स्टेशनाजवळची एक चाळ उतरावयाची होती. गॅलरीत एका वृद्ध बाईंनी सामान मांडले होते आणि भंगारवाल्याने काटा लावला होता. त्या सामानात तांब्याचे एक मोठे घंगाळ होते, धुराने काळे आणि तळाशी हिरवे झालेले. असे घंगाळ हल्ली शहरी दिवाणखान्यात पाणी भरून, फुले सोडून ठेवण्यासाठी फार मागितले जाते. गृहस्थांनी मोडीच्या भावावर किलोमागे शंभर रुपये अधिक देऊ केले. बाईंना आनंद झाला, भंगारवाला थोडा कुरकुरला, सौदा पटला.

घरी आल्यावर त्यांनी ते साबणाच्या पाण्याने धुतले. लख्ख करण्याची पूड किंवा चिंच लावली नाही. कारण जुन्या तांब्यावर काळाने चढविलेला तपकिरी रंग एकदा खरवडून काढला की परत येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक त्या रंगाचेच पैसे देते. काजळी सुटू लागली तसे काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे दिसू लागली. भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत सर्वांस ठाऊक आहे. भांडे विकत घेतले की दुकानातला माणूस लहानशी छिन्नी घेऊन, टकटक करीत, सांगितलेला मजकूर त्यावर उमटवून देई. या घंगाळावर एका नववधूचे सासरचे संपूर्ण नाव होते, ते भेट देणाऱ्या मामाचे नाव होते, गावाचे नाव होते, आणि सन १९४८.

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ते घंगाळ पाहून मोडीच्या दुपटीहून अधिक किंमत बोलली, परंतु एक अट घातली. नाव घासून काढावयाचे. त्याच्या गिऱ्हाइकांना भांड्यावर परक्याचे नाव नको होते. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला अक्षरे घासून काढणे म्हणजे अर्ध्या तासाचे काम. गृहस्थांनी घंगाळ मांडीवर घेतले, कानस हाती धरली, आणि पुन्हा खाली ठेवली.

पुढच्या रविवारी ते त्या चाळीत गेले. चाळ रिकामी झाली होती. शेजारच्या किराणा दुकानदाराने सांगितले की बाई मुलाबरोबर विटाव्याला भाड्याच्या खोलीत गेल्या. पत्ता काढीत ते तेथे पोचले. दहा बाय दहाची खोली. भिंतीला लागून गाठोडी छतापर्यंत रचलेली. त्यांनी अक्षरे वाचून दाखविली तेव्हा बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. ते नाव त्यांच्या सासूबाईंचे होते. चाळीस वर्षे ते घंगाळ माळ्यावर पालथे पडले होते. त्यावर नाव होते, हे त्या विसरून गेल्या होत्या. विळखाभर आकाराचे ते भांडे सासूबाईंनी गावाहून बसच्या टपावर घालून आणले, आणि नातवाला पहिली अंघोळ त्यातच घातली, हे मात्र त्यांना आठवत होते.

“आजी, घंगाळ परत घ्या. मी दिलेले पैसे सवडीने द्या,” गृहस्थ म्हणाले.

बाईंनी खोलीभर नजर फिरविली. “ठेवू कुठं, भाऊ? पाय पसरायला जागा नाही. तुम्ही विका. पण नाव तेवढं घासू नका. सासूबाईंचं आहे ते.”

व्यापाऱ्याचा सौदा त्यांनी सोडून दिला. घंगाळ पाच महिने त्यांच्याच घरात, दिवाणाखाली, पडून राहिले; घरच्या मंडळींच्या पायाला ते रोज लागे आणि रोज त्याचा उद्धार होई. अखेर ठाण्यातील एका तरुण दांपत्याने ते नावासकट घेतले. व्यापाऱ्याने बोललेल्या रकमेपेक्षा त्यांनी काही कमीच दिले. वस्तूबरोबर गृहस्थांनी वहीतील पानाची एक नक्कल दिली: कोणाचे, कोणी दिले, कोणत्या साली, कोणत्या वाटेने कळव्यास आले, कोणाला त्यात पहिली अंघोळ घातली. नंतर स्वतःचा खर्च आणि श्रमाचे काही वजा जाता उरलेला निम्मा नफा घेऊन ते विटाव्यास गेले. बाईंनी पैसे घेतले, पण आधी विचारले ते वेगळेच: “नाव आहे ना?”

या प्रसंगात वर सांगितलेल्या दोन्ही पक्षांचा निवाडा आहे. गृहस्थांनी आपल्या ज्ञानाचे आणि श्रमाचे मोल सोडले नाही. ते सोडले असते तर छंद दोन वर्षांत बुडाला असता. परंतु जे मोल त्यांच्या ज्ञानाने निर्माण झाले नव्हते, जे त्या घराण्याच्या आयुष्याने त्या तांब्यावर चढविले होते, त्यात त्यांनी त्या घराण्याचा वाटा मानला. ज्ञानाचे वेतन घ्यावे, दुसऱ्याच्या अज्ञानाचा दंड वसूल करू नये. व्यापारी व्यापाऱ्याकडून घेतो तेव्हा दोघेही बाजारात उतरलेले असतात. तेथे ज्याची नजर तेज त्याची सरशी. पण जो केवळ घर सुटते म्हणून विकतो आहे, तो बाजारात उतरलेला नसतो. त्याच्याशी वागताना काटा निराळा वापरला पाहिजे.

आता घरोघरच्या श्रोत्यांसाठी दोन शब्द. आपण स्वतः हा छंद कराल न कराल. जुने सामान काढण्याची वेळ मात्र प्रत्येकावर येणारच आहे. त्या वेळी भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. भांड्यांचे काठ आणि तळ धुऊन वाचावेत. घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसास वस्तूजवळ बसवून तिची हकीकत विचारावी आणि ती तारखेनिशी लिहून ठेवावी. वस्तूचे छायाचित्र घ्यावे. विकावयाची ती हकीकतीसकट विकावी. त्याने किंमत वाढतेच, शिवाय वस्तू पोरकी होत नाही. आणि कागद कधीही वजनावर देऊ नयेत.

शेवटच्या गोष्टीवर विशेष भर देण्याचे कारण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो वाईस हाती आलेल्या जुन्या पत्रांच्या आधाराने. पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले. घरोघरच्या दप्तरांतील, वाळवी लागलेल्या, कोणास वाचता न येणाऱ्या मोडी कागदांतून मराठ्यांचा इतिहास उभा राहिला. असे कागद आजही माळ्यांवरच्या ट्रंकांत आहेत. ते सापडल्यास पुण्यास १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतील जाणकारांस दाखवावेत. जुने ग्रंथ असतील, तर ठाण्यातच १८९३ सालापासून उभ्या असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन चौकशी करावी. मोडी लिपी मोडीच्या भावाने जाऊ देऊ नये.

असो. कळव्याचे ते गृहस्थ अजूनही रविवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून निघतात. त्यांच्या दोनशे पानी वहीची आता तिसरी वही झाली आहे. वस्तू आल्या आणि गेल्या. घरात आज त्यांपैकी फारच थोड्या आहेत. वहीत मात्र त्या सर्व आहेत: कंदील, घड्याळे, तबकड्या, बरण्या, अडकित्ते, प्रत्येकीपुढे गाव, घर आणि साल. एका पानावर घंगाळाची नोंद आहे. तिच्यापुढे किंमत लिहिलेली आहे, वजन लिहिलेले आहे, आणि शेवटी दोनच शब्द आहेत: नाव कायम.